पिंगळ्यांचा भीडांक

माणसाची खरी योग्यता किती, हा प्रश्न मानवजातीने हजारो वर्षं उराशी बाळगला आणि दोन हजार एकेचाळीस साली नाशिकमध्ये त्याचं उत्तर सापडलं. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक होतं. ते शोधण्यामागचा हेतू मात्र इंदूरच्या स्पर्धेला तिसरा गडी कोण पाठवायचा, एवढाच होता.

शोध लावणारे प्राध्यापक सुहास गायधनी हे संख्याशास्त्र शिकवत आणि 'रसद' खेळत. पहिल्या गोष्टीचे त्यांना पैसे मिळत आणि दुसरीत त्यांचा जीव होता. रसद हा दोघांनी टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ. सहा कोनांच्या घरांचा नकाशा, त्यावर डोंगर, नद्या, घाट, दोन सेनापतींच्या तुकड्या आणि फासे. नावावरून वाटतं तसंच आहे. शत्रूची माणसं मारून काही होत नाही, त्याचं धान्य आणि दारूगोळा जिथून येतो ती वाट तोडावी लागते. यंत्रांनी माणसाला या खेळात कधीच मागे टाकलं होतं, इतकं मागे की त्याचं कुणाला वाईटही वाटेनासं झालं होतं. मोटार वेगाने पळते म्हणून संध्याकाळी फिरायला जायचं कुणी थांबवत नाही.

नाशिकच्या मोहीम मंडळात खेळाडूंचे क्रमांक आजवर वार्षिक सभेत ठरत. निकष चार होते: खेळ, अनुभव, वय आणि मंडळासाठी घेतलेले कष्ट. त्यामुळे सामन्यांच्या दिवशी पोहे पुरवणारे गृहस्थ कित्येक वर्षं चौथ्या क्रमांकावर होते. ते खेळत नसत. पहिला क्रमांक अध्यक्ष तात्या कुलथे यांचा. तात्या सराफ, वय ऐंशीच्या पुढे, आणि कुणाकडून हरल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं.

इंदूरच्या अखिल भारतीय स्पर्धेला मंडळ दरवर्षी तीन जण पाठवी. एक तात्या, अध्यक्ष म्हणून. दुसऱ्या, मंडळाच्याच सचिव मनीषा देवरे, ज्यांचं औषधांचं दुकान होतं आणि ज्या समोर कोण बसलंय हे न बघता सगळ्यांना हरवत. तिसऱ्या जागेवरून दरवर्षी भांडण. मागच्या वर्षी कंटाळून चिठ्ठ्या टाकल्या, तर चिठ्ठी पोहेवाल्यांची निघाली, आणि नियम म्हणजे नियम म्हणून त्यांना पाठवावं लागलं. ते येताना सगळ्यांना शेव घेऊन आले. त्यानंतरच्या सभेत गायधनी उभे राहिले आणि म्हणाले की गुणांकनाची शास्त्रीय पद्धत मी तयार करून देतो, फुकट.

फुकट हा शब्द पूर्णपणे खरा नव्हता. तिसऱ्या जागेचे खरे दावेदार दोनच होते, गायधनी आणि रंगनाथ पिंगळे. आणि गेली पाच-सहा वर्षं गायधनी पिंगळ्यांना जवळजवळ दर आठवड्याला हरवत होते. शास्त्र कुठल्या बाजूने बोलणार हे त्यांना शास्त्र मांडण्याआधीच ठाऊक होतं.

पिंगळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याचं पाणी कुठे मुरतं हे ज्याने तीस वर्षं शोधलं, त्याला शत्रूची वाट कुठे तुटेल हे शिकवावं लागत नाही. एके काळी त्यांनी गायधनींना सळो की पळो केलं होतं. शिवाय ते गायधनींचे व्याही. पिंगळ्यांची रेवती आणि गायधनींचा अद्वैत यांचं लग्न झालं, काही वर्षं टिकलं आणि मग दोघांनी शांतपणे, आवाज न चढवता, वेगळं व्हायचं ठरवलं. ती पुण्याला गेली, तो फिनलंडला. घटस्फोटात दागिने, भांडी, कर्ज या सगळ्याची वाटणी होते, व्याह्यांचं काय करायचं याची तरतूद कुठेच नाही. हे दोघं एकमेकांना व्याहीच म्हणत राहिले, कारण दुसरं काय म्हणायचं ते सुचेना. दर गुरुवारी संध्याकाळी गायधनी पिंगळ्यांच्या घरी खेळायला जात. पिंगळ्यांची पत्नी वारल्याला बरीच वर्षं झाली होती. घरात ते, तुळशीची एक कुंडी आणि मंडळाचा पट.

पद्धतीचा पाया जुना आणि सोपा होता. प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्यायचा. दोघं समोरासमोर बसले की आकड्यांमधल्या फरकावरून कोण जिंकेल याचा अंदाज बांधायचा. अंदाज खरा ठरला तर आकडे जेमतेम हलतात. बलवान हरला तर त्याचे बरेच गुण दुबळ्याकडे जातात. शेजारच्या दोन हौदांना नळी जोडली की पाणी आपोआप आपापल्या पातळीला येतं, तसंच हे. पुरेसे सामने झाले की कोण किती पाण्यात आहे ते समजतं.

पहिली यादी लागली. मनीषा देवरे पहिल्या, तात्या दुसरे, गायधनी तिसरे, पिंगळे सातवे. गायधनींनी ती नम्रपणे वाचून दाखवली. त्यावर सभासदांनी फाशांचा मुद्दा काढला. मंडळात जो कुणी हरला होता तो फाशांमुळे हरला होता, आणि जो जिंकला त्याच्या बाबतीत फासे कधी मध्ये आले नव्हते.

गायधनींनी नशीब वजा करायचं ठरवलं. आठ वर्षांचे सगळे सामने पटांच्या स्मरणात होते. यंत्राने प्रत्येक खेळी पुन्हा मांडली आणि विचारलं: त्या क्षणी या माणसाला काय माहीत होतं, आणि तेवढ्या माहितीवर त्याने घेतलेला निर्णय कितपत शहाणपणाचा होता? फासे कसेही पडोत, गुण निर्णयाला. पावसाचा अंदाज बघून छत्री घेतली आणि पाऊस आला नाही, म्हणून छत्री घेणारा मूर्ख ठरत नाही. या हिशेबात असंही सिद्ध झालं की फासे सगळ्यांशी सारखेच वागले होते. याचं समाधान मंडळात एकालाही वाटलं नाही.

यादीत फारसा बदल झाला नाही, पण यंत्र कुरकुरत होतं. त्याचे अंदाज काही जोड्यांच्या बाबतीत सतत चुकत. तोच माणूस मनीषाताईंसमोर वाघासारखा खेळायचा आणि तात्यांसमोर बसला की त्याची शेळी व्हायची. गायधनींनी मग पटाच्या डोळ्याकडे मोर्चा वळवला.

पटाला डोळा होता. एक सभासद चष्म्यात यंत्र लपवून खेळतो असा बोभाटा पूर्वी झाला होता, तेव्हा मंडळाने हे पट घेतले होते. खेळाडूची नजर कुठे आहे हे ते टिपत. माणसाची नजर सरकत नाही, उड्या मारते, आणि जिथे काही अर्थ सापडतो तिथे थांबते, दुसरीकडे जाऊन परत तिथेच येते. नेमकं सापडलं की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. चेहरा, हात, जीभ हे सगळं माणसाला आवरता येतं, बाहुली येत नाही. तेव्हा चुका तीन प्रकारच्या निघाल्या. चांगली चाल दिसलीच नाही, ही पहिली. दिसली पण तिचं मोल कळलं नाही, ही दुसरी. आणि तिसरी: दिसली, कळली, तिच्याकडे तीनदा बघून झालं, आणि हात दुसरीकडे गेला.

ही तिसरी चूक कोण करतो यापेक्षा कुणासमोर करतो, यावर अवलंबून होती. गायधनींनी प्रत्येक जोडीला एक वेगळा आकडा दिला, आणि इतके दिवस अडलेलं गणित सुटलं. आकडा शून्य असेल तर समोरच्याची काही पर्वा नाही. एक असेल तर समोरच्याने जिंकावं म्हणून जिवाचं रान. त्याला नाव काय द्यावं हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गायधनींनी त्याला भीडांक म्हटलं.

नमुना म्हणून त्यांनी सभेत फक्त तात्यांच्या सामन्यांचे भीडांक दाखवले. जवळजवळ सगळं मंडळ तात्यांसमोर डोळे उघडे ठेवून खड्ड्यात उडी मारत होतं. अपवाद मनीषाताईंचा, त्यांचा भीडांक साफ शून्य. तात्यांनी चष्मा पुसला. मग ते म्हणाले की अध्यक्षांबद्दल सभासदांना किती आदर आहे हे प्रथमच शास्त्राने सिद्ध झालं असून हा तक्ता वार्षिक अहवालात चौकटीत छापावा. सभा संपल्यावर जिन्यात त्यांनी गायधनींना बाजूला घेतलं आणि भीड वजा केल्यावर आपला क्रमांक कितवा येतो ते विचारलं. गायधनींनी सांगितलं. तात्या म्हणाले, तेवढं छापायची गरज नाही.

मग सभासद आपापले भीडांक मागून नेऊ लागले आणि गोष्ट मंडळाबाहेर गेली. एका घरमालकाला भाडेकरूचा भीडांक कळला आणि त्याने भाडं वाढवलं. एका सभासदाला आपल्या सख्ख्या भावाला आपली काडीचीही भीड नाही हे समजलं, तो दिवाळीला गेला नाही. एका वधूवर सूचक मंडळाने फोन करून विचारलं की दोन्हीकडच्या वडिलांचे पाच-पाच सामने घेऊन भीडांक काढून द्याल का. एका कंपनीने हाताखालच्या लोकांची साहेबांबद्दलची भीड कशी कमी करता येईल हे विचारलं, आणि आठवड्याने पुन्हा फोन करून ती वाढवता येईल का हे विचारलं. मंडळातल्या सज्जनांची तर फारच पंचाईत झाली. आता मान राखून हरायचं तर चांगल्या घराकडे बघायचंच नाही. पण चांगलं घर कुठलं हे बघितल्याशिवाय कळत नाही. शेवटी काही जण कशाकडेच न बघता खेळू लागले आणि अगदी प्रामाणिकपणे हरू लागले.

दुसऱ्यांचं सगळं बघून झाल्यावर गायधनींनी स्वतःची ओळ उघडली.

पिंगळ्यांचा गायधनींबाबतचा भीडांक मंडळातला सगळ्यात मोठा होता. तात्यांच्या वाट्यालाही एवढी भीड आली नव्हती. गायधनींनी दोघांच्या गुणांचा आलेख काढून पाहिला. दोन रेषा होत्या. पिंगळ्यांची बरीच वर. मग एका महिन्यात ती धाडकन खाली आली, गायधनींची वर गेली, आणि दोघी एकमेकींना छेदून आपापल्या वाटेने गेल्या. गायधनींना तो महिना ओळखीचा वाटला. त्यांनी फोनमधले जुने फोटो काढले. अद्वैत-रेवतीचा साखरपुडा.

गेली काही वर्षं त्यांचा खेळ सुधारला होता, असं त्यांचं मत होतं. त्यावर त्यांनी मंडळाच्या स्मरणिकेत एक लेखही लिहिला होता, 'उतारवयात डावपेचांची परिपक्वता' या नावाचा.

शुभदाताई मेथी निवडत होत्या. गायधनींनी बायकोसमोर आलेख धरला आणि दोन रेषा समजावून सांगितल्या. त्यांनी आलेखाकडे बघितलं नाही.

"मुलीचे वडील ते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे कळायला यंत्र लागलं?"

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गुरुवारी शीळ घालत घरी यायला लागला होतात. आधी हरून यायचात तेव्हा आमटीत मीठ नाही, कोशिंबिरीला चव नाही. माझं काय बिघडत होतं?"

गायधनींनी मग अडलेली जागा सांगितली. मुलीच्या बापाची भीड असेल तर ती लग्नाबरोबर संपायला हवी होती. आता कसली मुलगी आणि कसला मुलगा. पण घटस्फोटानंतर आकडा घसरला नव्हता, उलट वाढला होता. तिथून पुढे पिंगळे जिंकलेला डाव अक्षरशः हातात आणून देत होते. शुभदाताईंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला.

"ते मग त्यांनाच विचारा," त्या म्हणाल्या.

विचारण्याआधी गायधनींनी इतर मार्ग तपासले. नात्यातले सामने जगात कुठेही धरत नाहीत, हे तत्त्व त्यांना एकदम पटलं. त्यांनी गुरुवारचे सगळे सामने वगळून यादी काढली. ते अकरावे आले. गुरुवार वजा केले तर त्यांच्याकडे सांगण्यासारखे विजयच उरत नव्हते. सामने धरून आणि भीडांक धरून यादी काढली, तर पिंगळे दुसरे आणि गायधनी नववे. आता एकच मार्ग होता. या एका जोडीचा भीडांक 'अपुऱ्या माहितीमुळे' शून्य धरायचा. एक रकाना, एक शून्य. मग सगळं पहिल्यासारखं, गायधनी तिसरे. माहिती तशी कधीच पुरेशी नसते, हे ते स्वतः वर्गात सांगत. त्यांनी शून्य घातलं, पुसलं, पुन्हा घातलं.

मनीषाताईंचा फोन आला की शनिवारी यादी हवी, इंदूरला नावं कळवायचीत. गायधनींनी अजून थोडं मनासारखं जमत नाहीये असं सांगितलं. त्यावर त्या औषधाची मात्रा सांगावी तशा म्हणाल्या, "सर, गणितासारखं जमलं तर पाठवा. मनासारखी यादी करणारी सभा आपल्याकडे होतीच की."

गुरुवारी गायधनी पिंगळ्यांकडे गेले. पट मांडलेला होता. पिंगळ्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं की बचाव घेता की चढाई. गायधनींनी चढाई घेतली, तीन खेळ्या खेळले, आणि मग पिंगळ्यांनी घाटातली राखीव तुकडी काही कारण नसताना मागे घेतली. याआधी गायधनींनी अशा खेळीला शत्रूची गडबड म्हटलं असतं. आता त्यांना फक्त एवढंच दिसलं की हात मागे येण्याआधी पिंगळ्यांची नजर पुलाच्या घरावर जाऊन आली होती. पुलावर तुकडी टाकली असती तर डाव तिथेच संपत होता.

"व्याही," गायधनी म्हणाले, "पूल दिसला होता तुम्हाला."

पिंगळ्यांनी पुलाच्या घरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुमच्या त्या यंत्राने सांगितलं म्हणायचं."

"किती वर्षं चाललंय?"

"तुम्हीच आकडा काढलात ना? मला काय विचारता?"

गायधनींनी मास्तरांच्या सवयीने सगळं क्रमाने सांगितलं. साखरपुडा, रेषा, भीड. पिंगळे मान हलवत ऐकत होते. सुरुवातीला तसंच होतं, असं त्यांनी मान्य केलं. मुलीचा बाप पटावर तिच्या सासऱ्याची रसद तोडतोय, हे बरं दिसत नाही. रेवतीला कुणी काही बोललं नसतं, पण आपल्याला आपलं वाटतं. त्यांनी हे कालव्याचं दार किती वर ठेवायचं हे सांगावं तसं, कसलीही खंत न बाळगता सांगितलं.

"आणि नंतर?" गायधनींनी विचारलं. "त्यांचं मोडल्यावर? तेव्हा कसली भीड?"

पिंगळे उठले, आत जाऊन चहाचा गॅस बारीक करून आले.

"व्याही, तुम्ही हरलात की येत नाही," ते म्हणाले.

गायधनी म्हणाले, असं काही नाही.

"असं कसं नाही? हरलात की पुढच्या गुरुवारी तुमचे पेपर तपासायचे असतात. नाहीतर सर्दी. एकदा तर विद्यापीठात सेमिनार होता, मे महिन्यात. मी काही मोजत बसत नाही. पण दोघांचं आधण ठेवलेलं असतं, ते कळतं." त्यांनी पटावरची एक सोंगटी सरळ केली. "पोरांचं मोडलं, त्या आठवड्यात मला वाटलं, संपलं, आता कशाला येतील. नातं काय उरलं? आणि त्या गुरुवारी बेल वाजली, बघतो तर तुम्ही. त्या दिवशी तुम्हाला हरवायला मी काय वेडा आहे का?"

संख्याशास्त्राच्या पहिल्याच वर्षाला गायधनी दरवर्षी एक धडा शिकवत. दवाखान्यात आलेल्यांना मोजून गावाची तब्येत सांगू नका. जे आलेच नाहीत त्यांचं काय, हे आधी विचारा. मुलं तो लिहून घेत आणि परीक्षेत लिहीत. गायधनींच्या यंत्राकडे आठ वर्षांतली प्रत्येक खेळी होती, प्रत्येक नजर होती, बाहुलीचा प्रत्येक फुगवटा होता. जे सामने झालेच नाहीत, त्यांची एकही ओळ नव्हती. पिंगळे पटावर बसल्यावर हा गुरुवार खेळत नव्हते, ते पुढचा गुरुवार खेळत होते. त्या हिशेबाने त्यांची प्रत्येक चाल बिनचूक होती. यंत्राने तिला चूक म्हटलं आणि गायधनींनी भीड.

"इंदूरला जायचंय का तुम्हाला?" गायधनींनी शेवटी विचारलं.

"जायचंय की. कुणाला नको असतं? मी काय संत आहे?" पिंगळे म्हणाले. "पण इंदूर तीन दिवस. गुरुवार वर्षाला बावन्न. मी खात्यात असताना धरणं बघितलीत, हा हिशेब मला कळतो."

"मग आज नीट खेळा."

"नीट म्हणजे?"

"दिसेल ते खेळा."

पिंगळ्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, टाकीला तडा आहे की नुसती रेघ आहे हे बघतात तसं.

"आणि पुढचा गुरुवार?"

"येईन."

"सेमिनार नाही ना?"

गायधनी म्हणाले की नाही. डाव त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडला. पिंगळ्यांनी बाह्या दुमडल्या. गायधनींना वाटलं होतं की आपण हरू, पण थोडक्यात, चुरशीने, लेखात लिहिता येईल अशा तऱ्हेने. तसं झालं नाही. पिंगळ्यांनी आधी पूल घेतला, मग घाटाची दोन्ही तोंडं बांधली, आणि मग गायधनींच्या तुकड्या डोंगरावर उपाशी बसलेल्या बघत शांतपणे चहा गाळायला गेले. इतक्या वर्षांचं साठलेलं पाणी एकाच दारातून सुटलं होतं. खेळताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की गायधनींनी त्यांना असं शेवटचं कधी पाहिलं ते आठवायचा प्रयत्न केला, आणि ते साखरपुड्याच्या आधीचं निघालं.

"परिपक्वता आहे तुमच्या खेळात," कप पुढे ठेवत पिंगळे म्हणाले. "लेख वाचला होता मी."

शनिवारी गायधनींनी यादी पाठवली. पहिल्या मनीषा देवरे, दुसरे रंगनाथ पिंगळे. स्वतःचं नाव त्यांनी नवव्या ओळीत टाइप केलं आणि बरोबर आहे ना हे दोनदा तपासलं. एकच बदल त्यांनी केला. भीडांक या रकान्याचं नाव खोडून तिथे 'इतर' असं लिहिलं. मनीषाताईंनी विचारलं की सर, 'इतर' म्हणजे नक्की काय. गायधनींनी सांगितलं की ते अजून नक्की ठरलेलं नाही. यादी लागली, तात्यांनी अध्यक्ष या नात्याने आपलं नाव वर हाताने लिहिलं आणि इंदूरचा संघ पूर्ण झाला.

पुढच्या गुरुवारी सकाळपासून गायधनींच्या घशात खवखवत होतं. खरोखरच खवखवत होतं, त्यांनी बॅटरी लावून आरशात पाहिलं. शुभदाताई म्हणाल्या की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा आणि जा. प्राचार्यांनी बोलावलेली एक बैठकही होऊ शकेल अशी शक्यता होती, पण ती झाली नाही. कॉलेजातून निघाल्यावर गायधनींची गाडी सवयीने घराकडे वळली, कारण हरल्यानंतरच्या गुरुवारी ती तिकडेच वळत असे. सिग्नलला उभं असताना त्यांना आपण काय सांगणार हेही सुचून झालं होतं, आणि ते बऱ्यापैकी पटण्यासारखं होतं. मग मागच्याने हॉर्न वाजवला, आणि गायधनींनी गाडी वळवून घेतली.

पिंगळ्यांनी दार उघडलं. आत जाऊन त्यांनी भांड्यात आणखी एक कप पाणी ओतलं. त्या दिवशी दोघांचं आधण ठेवलेलं नव्हतं.

गायधनी हरले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही हरले. तिसऱ्या गुरुवारी डाव बराच वेळ चालला आणि मग हरले. घरी मिठाचा विषय निघू लागला. 'इतर'चा आकडा पिंगळ्यांच्या ओळीत शून्यावर आला होता, आणि गायधनींनी यंत्राला त्या जोडीचं गणित करणं बंद करायला सांगितलं.

स्पर्धेच्या आधी मनीषाताईंनी इंदूरच्या आयोजकांना कळवलं की यंदा आमचे तीन खेळाडू नव्या पद्धतीने निवडले आहेत, तरी ते ग्राह्य धरावेत. आयोजकांचं उत्तर आलं की स्पर्धा पहिल्यापासून सर्वांना खुली आहे, दरवर्षी टेबलं रिकामी राहतात, जितके येतील तितके या. तीनच जणांची अट मग आली कुठून, याचा मंडळात शोध घेण्यात आला. ती स्पर्धेची नव्हती. पहिल्या वर्षी मंडळ तात्यांच्या मोटारीने गेलं होतं, आणि ड्रायव्हर व नकाशांची पेटी बसल्यावर तिच्यात तिघांचीच जागा उरत होती.